डावं खोकं

"डावीकडून बाई गाते, उजवीकडून ढोलकी वाजते," शालिग्राम पोरीला पुन्हा म्हणाला. "म्हण बरं."

"बाई डावीकडून, ढोलकी उजवीकडून," रुख्मिणी म्हणाली. मेहकरहून खामगावपर्यंत तिनं हेच घोकलं होतं. आता पिंपळगाव राजाला एसटीतून उतरतानाही तेच.

"अन् बसायचं कसं?"

"डावा कान भिंतीकडं करून."

"शाब्बास."

हिंमतराव पाटलांची रीतच न्यारी. पोरासाठी मुलगी पाहायला ते कुणाच्या दारी जात नसत. बापानंच तिला त्यांच्या घरी आणून दाखवायची, बाजारात बैल दाखवतात तशी. तिथं पोहे नाहीत, चालून दाखव नाही. खुर्चीवर बसवायचं आणि मुंबईहून आणलेला स्टिरिओ ऐकवायचा. खोलीच्या दोन कोपऱ्यांत दोन लाकडी खोकी. एकातून गाणारीचा गळा येतो, दुसऱ्यातून वाजवणारे. मग विचारायचं, काय कुठून ऐकू आलं?

हे सगळं शालिग्रामला वडनेर भोलजीच्या भगवानरावांनी सांगितलं होतं. त्यांची पोरगी तिथून नापसंत होऊन परत आली होती. "पढवून नेली होती, चोख सांगतलं तिनं," भगवानराव चिडून म्हणाले होते, "तरी नाई म्हणे. मोठ्या लोकाइचा माज, दुसरं काय!"

रुख्मिणीचा डावा कान ती चार वर्षांची असताना गेला. तापात गेला, असं लोकांना सांगितलेलं. तापबीप काही नव्हता. सांडलेल्या दुधापायी शालिग्रामनं ठेवून दिलेली एक थप्पड होती. त्या कानावरून तीन स्थळं मोडली. दर वेळी पाहुणे उठून गेले की शालिग्राम आपल्या उजव्या हाताकडे पाहत बसायचा. आज चौथं स्थळ होतं. हेही मोडलं तर पाचवं कुणी दारात उभं राहणार नव्हतं.

हिंमतरावांच्या बैठकीत खुर्ची नेमकी खोलीच्या मधोमध मांडलेली. भिंत राहिली लांब. शालिग्रामनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

नवरामुलगा उत्तमराव, गावातल्याच शाळेत मास्तर, पाण्याचा पेला घेऊन आला. रुख्मिणीच्या एका बाजूला उभा राहून काहीतरी म्हणाला. मग पेला तसाच हातात धरून खुर्चीला वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूनं दिला. पोरगं जरा बावळटच दिसते, शालिग्रामच्या मनात आलं. बरंच झालं. बावळट नवरा फार चौकशा करत नाही.

"आता ऐक पोरी," हिंमतराव म्हणाले आणि त्यांनी रेकॉर्डवर सुई टेकवली.

गवळण सुरू झाली. शालिग्रामला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. त्याच्या दोन्ही कानांत नुसती छाती धडधडत होती. गाणं संपलं तेव्हा त्याच्या हातातल्या टोपीचा बोळा झाला होता.

"सांग. बाई कोणीकडून गायली?"

रुख्मिणीनं बापाकडे पाहिलं. शालिग्रामचे ओठ न बोलता हलले. डावीकडून. डावीकडून.

तिनं बापावरून नजर काढली. मग एकदम म्हणाली, "मले सारं उजवीकडूनच ऐकू आलं. डावीकडून कायीच नाई आलं."

संपलं. शालिग्रामनं डोळे मिटले. परतीची एसटी किती वाजता, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं.

"डावीकडून कायीच नाई?" हिंमतरावांनी विचारलं.

"नाई."

"बापानं काय सांगाले लावलं होतं?"

"बाई डावीकडून म्हणून."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

"आज सांगीन. पुढं जन्मभर कोण सांगन?"

हिंमतरावांनी रेकॉर्डवरची सुई उचलली. मग आत तोंड करून ओरडले, "साखर आणा बे कोणी! पोरगी पसंत हाये. मले असंच माणूस पाह्यजे होतं!"

शालिग्रामला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तो उठला. अख्ख्या मुलखात माजोरडा म्हणून नाव असलेला हा माणूस, आणि पोरीला जशी आहे तशी पदरात घेतो! त्यानं वाकून हिंमतरावांचे पाय धरले. सतरा वर्षं उरावर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता.

"पाटील, देवमाणूस हो तुम्ही! सारं समजून घेतलं..."

"उठा हो, पाय कायले धरता?" हिंमतरावांनी त्याला उभं केलं. "उपकार तं तुमचे. अकरा पोरी येऊन गेल्या इथी. अकराच्या अकरा म्हणे, बाई डावीकडून गायली."

ते डाव्या कोपऱ्यातल्या खोक्यापाशी गेले आणि त्यामागून वायरचं सुटं टोक वर काढून हलवलं.

"हे खोकं मी दिवाईच्या सणापासून बंद ठेवलं. रेकॉर्डबी साधीच लावतो, जुनी; बाई अन् ढोलकी सारं त्या उजव्या खोक्यातूनच येते. पढवलेलं कोण बोलते, तेवढं समजते. पण कान भारी तिखट हायेत बरं तुमच्या पोरीचे!"

शालिग्रामचे जोडलेले हात जागच्या जागी थिजले. त्यानं एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा वायरच्या त्या सुट्या टोकाकडे.

"चाल रुख्मिणी," हिंमतराव त्या कोपऱ्यातूनच हळू, मायेनं म्हणाले, "तुले आपलं देवघर दाखवतो."

रुख्मिणी हातातल्या पेल्याकडे पाहत राहिली.

"रुख्मिणी?" ते म्हणाले आणि वायर खोचायला खोक्यामागे वाकले.

तेवढ्यात उत्तमराव उठला. खुर्चीला वळसा घालून तो तिच्या उजव्या बाजूला आला, खाली वाकला, आणि शालिग्रामपुरतं ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "आबा बोलावून राह्यले तुमाले. घाबरू नका. यापुढं मी याच बाजूनं सांगत जाईन."