तळ कुठे आहे

चिमट्याचं टोक पुन्हा हवेतच मिटलं. टेबलावर सरावासाठी आणलेला डुकराचा डोळा होता आणि त्याच्या तळावरचा पातळ पापुद्रा सोलायचा होता. डॉक्टर गुनवोर काळा थ्रीडी चष्मा लावून तो डोळा समोरच्या मोठ्या स्क्रीनवर बघत होती. तळ वर उचलल्यासारखा दिसत होता आणि चिमटा त्याच्याही खाली.

"पुरे," विभागप्रमुख सिक्स्टेन म्हणाला. "टॉर्केलने पत्रात लिहिलंय ते खरंच आहे. तुला आता खोली कळत नाही. सोमवारपासून तुझ्या शस्त्रक्रिया बंद."

पत्र? गुनवोरने वळून पाहिलं. टॉर्केल खाली मान घालून उभा होता. याचा हात हातात धरून तिने याला पहिला टाका घालायला शिकवलं होतं. चौदा वर्षं दोघं रोज दहाची कॉफी बरोबर घेत होते. हल्ली ओतताना तो किटलीचं तोंड कपाच्या काठावर टेकवायचा, आणि ती त्याला म्हातारबा म्हणून चिडवायची. स्वीडनमध्ये तोंडावर कडू बोलायची रीत नाही, सगळं कागदावर. पण त्यानेही तसंच करावं?

"रुग्णांचा विचार कर ना, गुनवोर," तो पुटपुटला. "या स्क्रीनवर तीन आठवडे मी एकटा काम करतोय. मला तर काहीच अडचण आली नाही."

"अरे, वरचं खाली दिसतंय! जुन्या सूक्ष्मदर्शकात मला सगळं स्वच्छ दिसतं."

"हो का? म्हणजे स्क्रीन खोटारडी!" सिक्स्टेन हसला.

स्क्रीनचं यंत्र बसवणारी इल्वा कोपऱ्यात उभी होती. तिने चष्मा लावला. आधी एक डोळा मिटला, मग दुसरा.

"बाई गं! डाव्या डोळ्याचं चित्र उजव्याला आणि उजव्याचं डाव्याला जातंय, म्हणून खोली उलटी दिसते. बसवतानाच माझी चूक झाली."

तिने एक बटण दाबलं. गुनवोरने पहिल्याच फटक्यात पापुद्रा अलगद उचलला.

सिक्स्टेनचं हसू मावळलं. "मग तीन आठवडे हे कळलं कसं नाही?"

"तेच तर. दोन डोळ्यांनी बघणारा पहिल्या मिनिटाला ओरडला असता," इल्वा म्हणाली. "एकाच डोळ्याने दिसत असेल, तरच फरक कळणार नाही."

गुनवोरने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कुठला डोळा, टॉर्केल?"