शांताबाईचं नाक

कढईतले धने जळत होते आणि शांताबाई ढवळतच होती.

रीमा चार हात लांब मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. आधी तिला वाटलं, वास मागच्या नव्या बिल्डिंगमधून येतोय. मग कढईतून बारीक निळसर धूर उठला. सासूचे डोळे मिटलेले. भाजताना ती नेहमीच डोळे मिटायची. "डोला फसवतं, नाक न्हाय," हे रीमाने लग्न होऊन आल्यापासून तिन्ही वर्षं, दर एप्रिलात ऐकलं होतं. भाजणारीच्या मध्ये कोणी बोलायचं नाही, हेही ऐकलं होतं. पहिल्या वर्षी ती बोलली होती, "आई, झालं वाटतं." शांताबाईने आठ दिवस तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

खारीगावात वर्षाचा मसाला करायचा तर सामान आधी शांताबाईच्या नाकाखालून जायचं. एप्रिलात घरोघरी मिरच्या भाजून बायकांची नाकं कामातून जात. शांताबाईचं तेवढं शाबूत, अशी ख्याती. मागच्या बिल्डिंगवाल्या खोकत खोकत खिडक्या आपटायच्या, "अरे माँजी, कितना धुआँ!" म्हणून ओरडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी हळूच वाटीभर मसाला मागायला यायच्या.

धूर आता काळा व्हायला लागला. रीमा देठ टाकून उठली. "आई..." म्हणायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात चंपा अंगणात शिरली. शेजारची. कडेवर धन्यांची पिशवी.

"शांतामावशी, जरा नाक लावा गो. पोरीच्या हलदीच्या जेवनाचा मसाला हाय, तीनशे पान. माजं नाक तं चार दिवस बंदच."

शांताबाईने डोळे उघडले. कढईत पाहिलं. क्षणभर तिचा हात थांबला. मग तिने कढई खाली उतरवली आणि वर ताट उपडं घातलं. फार घाईने.

"आन."

तिने मूठभर धने तळहातावर चोळले, नाकाशी नेले, डोळे मिटून लांब श्वास घेतला. चंपा देवळात उभं राहावं तशी उभी होती. तो वास रीमापर्यंत पोचला. कुबट. पावसात भिजलेलं गोणपाट घरातच वाळवावं तसा.

"चांगलं हाय," शांताबाई म्हणाली. "घे भाजायला."

चंपाने पिशवी खाली टेकवली आणि पदर खोचायला लागली. रीमाने सासूकडे पाहिलं. शांताबाई चुलीकडे बघत होती.

रीमाने बोंबील धुतलेल्या पाण्याची बादली उचलली. दोन पावलं चालली, अडखळली, आणि ते सगळं पाणी पिशवीवर ओतलं.

"अगो बाय माजे!" चंपा किंचाळली. "हलदीचं धनं! मच्छीचं पानी!"

"आंधली झालीस काय गो?" शांताबाई उठून उभी राहिली. "तीन वर्सं झाली, अजून पाय धड पडत न्हाय अंगनात! आयशीनं चालायला शिकवलं का न्हाय?"

मागच्या बिल्डिंगमधल्या दोन खिडक्या उघडल्या. रीमा मान खाली घालून बोंबलांचं पाणी पायाने सारत राहिली.

"ह्यांना सांगते," ती चंपाला म्हणाली. "आज संध्याकाळीच बाजारातून नवे आणून देतील. चांगल्यातले."

"सूनबाईला सांभालून ठेवा गो मावशी," म्हणत, ओली पिशवी अंगापासून लांब धरून चंपा गेली.

शांताबाई खाली बसली.

"मुद्दाम केलंस."

"कुबट होते, आई. हळदीचं सगळं जेवण बिघडलं असतं."

शांताबाईने ताट उचललं. काळे धने बोटाने इकडचे तिकडे केले.

"कधीपासून येत नाही वास?" रीमाने विचारलं.

"दिवालीला ताप आला व्हता ना. तवापासून."

"मग चंपावहिनीला चांगलं का म्हणालात?"

"वाईट बोलली असती तं दुसरं आनलं असतं तिनं. ते पन माज्याच म्होरं. कितींदा न्हाय बोलू?" शांताबाईचा आवाज खाली आला. "घर माजा जयकुमार बघतं. सैपाक तू करतंस. मना ह्या गावात लोकं इचारतात ती येवढ्यासाठीच."

रीमाला बोलायचं होतं. जयकुमारला सांगू, डॉक्टरला दाखवू. पण दारात आळीतल्या दोघी उभ्या होत्या, बडीशेप आणि दगडफुलाच्या पुड्या घेऊन. शांताबाईने जळके धने राखेत लोटले, कढई पुसली, नवे धने ओतले.

"या, बसा गो. येवढी धन्यांची घानी भाजून होऊ दे." मग ओठ न हलवता, रीमाला, "इकडं बस. जवल. झालं की गुडघा दाब माजा. बोलायचं न्हाय."

रीमा बसली. सासूच्या लुगड्याच्या ओच्याखाली हात सरकवून तिने गुडघ्यावर बोटं ठेवली. हाड लागलं. एवढ्या जवळ ती या बाईच्या कधी बसली नव्हती.

शांताबाईने डोळे मिटले. उलथणं फिरायला लागलं. समोरच्या दोघी तिच्या तोंडाकडे बघत बसल्या.

आधी कच्चा गवताचा वास. मग उन्हाचा. मग कढईत एक चट् झालं आणि तो आला, खमंग, गोडसर, अगदी वेळेवर. अख्ख्या अंगणात तो एकट्या रीमाला येत होता.

तिने तो छाती भरून घेतला.

बोटांखालचा गुडघा किंचित वर आला. शांताबाई मिटल्या डोळ्यांनी वाट बघत होती.

रीमाने बोटं न दाबता आणखी एक श्वास घेतला.