गोळाभाताची कृती

समुद्रपुरात बसून माह्या अंकुशचा कॅनडातल्या सरकारी हायस्कूलचा अर्ज भरणं चालू होतं. ज्या बाईच्या घरी राहून तो शिकणार होता, तिनं व्हिडिओ कॉलवर त्याले सांगितलं, “मले मॉम म्हणत जाय.” तवापासून माह्या पोटात दुखून राह्यलं. वरून तिले त्याच्या आवडीच्या गोळाभाताची कृती पायजे!

मी सांगत गेली, अंकुश टाइप करत गेला. चनाडाळीचे गोळे, भातातली वाफ, सगळं सांगितलं. पण जिच्याबिगर गोळाभात घशाखाली उतरत नाई, ती वरून घ्यायची हिंग-मोहरीची फोडणी तेवढी गिळून टाकली.

“झालं,” मी म्हटलं.



मान खाली घालूनच पोरगा म्हणाला, “तू फोडणी सांगितली असती ना आई, तरी मी लिहिली नसती.”