सासूबाईंना न आवडणारा किनारा

ऑगस्टच्या सुट्टीसाठी मिरेल्लाने यंदा किनारा फार विचारपूर्वक निवडला होता. तो तिला आवडणं दुय्यम होतं. सासूबाईंना न आवडणं महत्त्वाचं होतं. नेपल्समधल्या त्यांच्या घरी रविवारच्या जेवणाला तिने पडेल चेहऱ्याने विषय काढला.

"वाळू नाहीच हो तिथे, मम्मा. नुसते गोटे."

"अगं बाई, माझे गुडघे!"

"छत्र्याही नाहीत. दिवसभर ऊन."

"मला तर लगेच चक्कर येते."

"आणि पाण्यात जेलीफिश."

सासूबाईंनी छातीवर क्रुसाची खूण केली. "तुम्ही दोघंच जा. मी आपली घरीच बरी."

मिरेल्लाने टेबलाखालून नवऱ्याचा, तुल्योचा, हात दाबला. सगळं इतकं बिनबोभाट जमलेलं पाहून तुल्योलाही हुरूप आला. आपलाही थोडा हातभार लागावा म्हणून तो म्हणाला, "आणि मम्मा, तिथे खायलाही काही धड मिळत नाही."

सासूबाईंचा काटा हवेतच थांबला. "म्हणजे? दुपारी तू जेवणार काय?"

"काही नाही गं. पाव-बिव."

मिरेल्लाने डोळे मिटून घेतले.

सासूबाई उठल्या आणि त्यांनी फळीवरून लझान्याचा सगळ्यात मोठा ट्रे खाली काढला. "गुडघ्यांचं काय, ते घरी बसूनही दुखतातच. बस किती वाजता सुटते?"