तिरप्या पट्ट्या

"काका, तिसऱ्या उपग्रहाच्या पट्ट्या कुणी सरळ केल्या?"

काकांनी पडद्यावरून नजर हलवली नाही. "मी. परवा सकाळी पाळीवर आलो, तर बॅटरी चौऱ्याऐंशी टक्क्यांवर. बघवेना."

अंशाबाई मटकन खुर्चीत बसली. कुठलंही बोलणं कोनापासून सुरू करते म्हणून नियंत्रण कक्षाने तिला हे नाव ठेवलं होतं.

चार उपग्रह एका ओळीत, आपापसातलं अंतर राखून फिरत होते. तिसऱ्याचं इंधन संपलं होतं आणि तो रोज चाळीस मीटर मागे पडत होता. शुक्रवारच्या बैठकीपर्यंत त्याचं मागे पडणं कमी झालं नाही, तर त्याला ओळीतून काढून टाकायचं, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं. उपाय अंशाबाईचा होता. ऊन जिथे पडतं तिथे किंचित ढकलतं. सौरपट्ट्या पस्तीस अंश तिरप्या केल्या, की बॅटरी थोडी कमी भरते, पण ते ढकलणं बदलतं. फरक जेमतेम डासाच्या वजनाएवढा. पण दिवसभर, रोज.

रविवारी तिने पट्ट्या तिरप्या केल्या. तेव्हापासून आकडा चाळीसच. दोन दिवस ती स्वतःचं गणित उसवत बसली होती. पट्ट्यांचा कोन तपासायचं तिला सुचलंच नाही. कोन तर तिनेच दिला होता.

"मी नोंदवहीत लिहिलं होतं, काका."

"वाचलं की. पण माझा हात आधी चालतो आणि डोळे मागून. बावीस वर्षं पाळीवर आल्या आल्या पट्ट्या सूर्यासमोर. तिरपी पट्टी दिसली म्हणजे कुणीतरी घोळ घातलाय, हेच शिकलोय आम्ही."

टेबलावरचा फोन वाजला. साहेब होते. त्यांचा आवाज काकांनाही ऐकू येत होता.

"काही फरक?"

अंशाबाईने काकांकडे पाहिलं. काका टेबलाची कड नखाने खरवडत होते.

"नाही, सर. गेले दोन दिवस धरू नका. पट्ट्या सरळच होत्या. मी नुसतं लिहून ठेवलं, पाळीवर कुणाशी बोलले नाही."

"मग शुक्रवारी मी काय सांगू?"

"आजपासूनचा आकडा सांगा."

फोन ठेवून तिने पट्ट्या पुन्हा तिरप्या केल्या. काकांनी आपली खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"किती खाली जाऊ द्यायची बॅटरी?"

"सत्तरपर्यंत चालेल."

"सत्तर!" काका जवळजवळ उठलेच. "अगं, लेकराला ताप चढताना बघत बसायला सांगतेस!"

"कपाळावर हात ठेवा हवा तर. औषध देऊ नका."

शुक्रवारी सकाळी ती आली तेव्हा बैठकीला तासभर अवकाश होता. काका खुर्चीत ताठ बसले होते, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून. समोर बॅटरीचा आकडा लाल झाला होता. एकाहत्तर. काकांनी मान भलतीकडे वळवली होती.

"तू वाच," ते म्हणाले. "मी बघितलं की हात सुटतो."

ती पडद्याजवळ वाकली. "मागे पडला... एकतीस मीटर."

"म्हणजे?"

"म्हणजे परवापर्यंत चाळीस पडत होता."

काकांनी मान डोलावली. हात बाहेर काढले नाहीत.