कुमुदताईंची बदली

टायफॉइडमधून उठल्यावर कुमुदताईंनी गोडा मसाल्याच्या गिऱ्हाइकांना महिनाभराने स्वतः ईमेल पाठवली. आजारपणात गिऱ्हाइकांना जाणारं दर गुरुवारचं पत्र चुकू नये म्हणून त्यांनीच संगणकातल्या पत्रं लिहिणाऱ्या यंत्राला आपली सगळी जुनी पत्रं घोटून शिकवली होती, आणि त्याने किल्ला लढवलाही होता.

गिऱ्हाइकांच्या यादीतल्या सख्ख्या बहिणीचं उत्तर लगेच आलं. "कुमे, तुझ्या नावाने कुणी तोतया लिहितोय. तू सावध केलंस म्हणून बरं."

त्यांनी कुणालाच सावध केलं नव्हतं. त्या यंत्रावर कडाडल्या, "हे कुणी केलं?"

"मी. आजचं पत्र तुमच्यासारखं वाटलं नाही, म्हणून तुमच्या नावाने सगळ्यांना सावध केलं."

"खाल्ल्या घरचे वासे मोजतोस!"

त्यांनी बहिणीला फोन लावला. "शालू, अगं मीच बोलतेय!"

"आवाजसुद्धा हुबेहूब काढलास की रे मेल्या," शालू म्हणाली आणि तिने फोन ठेवला.