धाकूचा वाटा

माझ्या गोळीने पडलेलं ते पहिलंच रानडुक्कर. त्याचे वाटे आंब्याखाली केळीच्या पानांवर मांडले होते, घरटी एक. कुरकुर नको म्हणून म्हातारे भिवाकाका पाठ करून बसले. मी वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, “ह्यो कोणाचो?” आणि त्यांनी न बघता एकेका घराचं नाव घ्यायचं.

बाबा जाऊन काही वर्षं झाली होती, तरी आमचा वाटा काका अजून बाबांच्याच नावाने, ‘धाकूचो’ म्हणून पुकारायचे. वाडीत ते नाव तेवढंच ऐकू यायचं.

“ह्यो कोणाचो?”

ह्या वेळी काकांनी माझं नाव घेतलं. “मधूचो!”

सगळ्यांनी पाठ थोपटली. आपापली पानं घेऊन माणसं पांगली. मी बाबांची बंदूक मांडीवर घेऊन आंब्याखालीच बसून राहिलो. माझ्यासाठी बाबा त्या दिवशी गेले.